खुर्चीवरच्या गाठी

१२ मे

ऑपरेशन थिएटर बंद होऊन आज सात आठवडे. जिवावर बेतलेलं असेल तेवढंच कापायचं, बाकी सगळं महामारी संपल्यावर. ती संपेल तेव्हा संपेल, माझी तीन वर्षं तर संपत आली! लॉगबुकात तीन रकाने – पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं: तिसऱ्या रकान्यात भोपळा. दहा झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत.

सध्या माझी सर्जरी म्हणजे माणसं पालथी घालणं. फुफ्फुसाला बरं म्हणून पोटावर झोपवायचं, एक हात डोक्याशी वर, दुसरा खाली, आणि दर दोन तासांनी हात बदलायचे, नाहीतर नस दबते. अठरा खाटा, एक सिस्टर आणि मी. सात नंबरच्या खाटेवर कालपासून आमचे सर! बेशुद्ध, नळीवर. युनिटमधले सगळे काचेतून बघून गेले, डोळे पुसत. पालथं घातलं ते आम्ही दोघींनी. त्यांचा उजवा हात मी उचलून वर ठेवला. याच हातानं त्यांनी मला पहिला टाका शिकवला. फार जड लागला.

दुपारी किट उतरवून ऑफिसात गेले. तातडीच्या ऑपरेशनांची ड्यूटी डावऱ्याला, मला का नाही? (डावऱ्या म्हणजे माझ्याच वर्षाचा, डावखुरा. सगळे त्याला हेच म्हणतात, तोही ओ देतो.) क्लार्क म्हणाला, "बसा." खुर्ची होती कुठे? साडेबारा ते साडेचार उभी! ड्यूट्या लावणारे साहेब मागच्या दारानं निघून गेले. मुद्दाम. मी बाहेर उभी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

३ जून

सरांची नळी निघाली! आईला फोनवर सांगितलं तर ओळखपाळख नसताना रडली. मीही रडले. इथं लिहायला काय जातंय.

१८ ऑगस्ट

थिएटर उघडलं. मंगळवार आणि शुक्रवार, बस. सर परत आले. कोट अंगावर नुसता टांगलाय, आणि उजवा हात सतत खिशात. मरणाच्या दारातून परतलं की ऐट येत असावी.

यादी लागली. तीन पित्ताशयं. मदतीला – डावऱ्या, डावऱ्या, डावऱ्या.

"थिएटर दोनमध्ये तिघंच," सर म्हणाले. "मी, तो आणि सिस्टर. गर्दी नको." बाकीच्यांनी वॉर्ड बघायचा. बाकीचे म्हणजे मी.

२१ ऑगस्ट

पुन्हा डावऱ्या. आणि दाराच्या गोल काचेवर आतून कागद चिकटवलाय! संसर्ग काय काचेतून जातो? कुठेतरी पाणी मुरतंय.

२६ ऑगस्ट

थिएटरच्या सिस्टरना विचारलं, आत चालतं तरी काय? वीस वर्षं इथं आहेत, पण ताकास तूर लावू देतील तर शपथ. वर मलाच म्हणतात, "डॉक्टर, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. पित्ताशयं नंतर काढा, आधी स्वतःला तपासून घ्या." आणि हसल्या. बाईंना वाटतं हा विनोद आहे.

१ सप्टेंबर

सापडलं!

थिएटरशेजारच्या विश्रांतीच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची. तिच्या दांडीवर काळा रेशमी धागा, त्याला ओळीनं गाठी – पन्नासेक तरी. गाठीचा सराव आम्ही सगळेच करतो, खाटेला, ड्रॉवरच्या कडीला. माझ्या तर चपलेच्या पट्ट्यालासुद्धा आहेत. पण या गाठींचा फेरा उलटा! डाव्या हाताच्या. आख्ख्या युनिटमध्ये डावखुरा एकच.

म्हणजे सर त्याला एकट्याला शिकवतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

एकच खटकतं. खालच्या दहा-बारा गाठी अगदी ढिल्या, पहिल्या वर्षाच्या पोरानं बांधाव्यात तशा. डावऱ्या इतका कच्चा नाही. वरच्या मात्र सुधारत गेल्यात. बरोबर – कुणाला संशय येऊ नये म्हणून आधी मुद्दाम ढिल्या बांधल्या असतील. वस्ताद आहे.

४ सप्टेंबर

जिन्यात गाठलं त्याला. "किती झाली तुझी?"

"सात."

"स्वतः?"

मान खाली. "अगं, तू सरांनाच विचार ना. मी शब्द दिलाय." आणि पायऱ्या उतरून पळाला. शब्द कसला दिलाय? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! सात – आणि माझा भोपळा तसाच.

६ सप्टेंबर

घरी फोन. बाबांना सगळं सांगितलं. तीस वर्षं गाड्यांची इंजिनं उघडतायत, तेव्हा त्यांना कळेल असं वाटलं. म्हणाले, "चालवल्याशिवाय हात बसत नाही हे खरं आहे, बाळा. पण तक्रार करण्याआधी त्या माणसाशी समोर बसून बोल. नाहीतर हात दाखवून अवलक्षण होईल."

सगळे मला गप्पच बसायला सांगतात. बाबासुद्धा! मला भीती वाटतेय, ती कुणालाच दिसत नाही. परीक्षा होईल, पाटीवर नावापुढे सर्जन लागेल, आणि पहिल्याच पेशंटच्या पोटावर माझा हात थरथरेल. रोज सकाळी उठून आधी हातांकडे बघते.

८ सप्टेंबर

डीनना पत्र दिलं. पक्षपात, बंद दार, काचेवरचा कागद, सगळं तारीखवार. खुर्चीवरच्या गाठी कात्रीनं कापून पाकिटात घातल्या आणि पत्राला टाचल्या. पुरावा हवा ना.

खुर्ची उघडीबोडकी दिसत होती. मला हलकं वाटलं.

१५ सप्टेंबर

हे लिहिताना अजून कान तापलेत.

डीनच्या खोलीत तिघांना बोलावलं – सर, डावऱ्या, मी. डीननी माझं पत्र मोठ्यानं वाचलं. एकेक वाक्य! मग पाकीट टेबलावर उपडं केलं. गाठी पसरल्या. डीन डावऱ्याला म्हणाले, "ह्या तुझ्या?"

त्यानं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "माझ्या आहेत."

आणि खिशातून उजवा हात काढून टेबलावर ठेवला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट आत वळलेलं. अंगठ्यामागचं मांस आटलेलं. समोरचं पेन उचलून दाखवायला गेले – दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही.

"आजारातून उठलो तेव्हापासून असा आहे," सर म्हणाले. "पेशंटला मी या हातानं हात लावलेला नाही. सगळी ऑपरेशनं यानं केली, मी शेजारी उभा होतो. डाव्या हातानं कसं करतात ते बघत होतो. या वयात नव्यानं शिकायचं तर शिकवणारा डावखुराच हवा, आणि तो एकच होता. काचेवरचा कागद माझा. लाज वाटत होती."

सर शिकत होते. डावऱ्याकडून! आणि त्या ढिल्या गाठी… मी त्यांना हसले होते.

डीन चिडले, पण माझ्यावर नाही – हे आधी कळवायला हवं होतं म्हणून सरांवर. यापुढे सरांनी थिएटरमध्ये फक्त उभं राहून शिकवायचं, डाव्या हातानंही काही करायचं नाही. माझ्या पत्रामुळे.

बाहेर आल्यावर सर मलाच म्हणाले, "तुला ताटकळत ठेवलं, ते चुकलं माझं. शुक्रवारचं पहिलं पित्ताशय तुझं. झोप नीट घे." आणि डाव्या हातानं पाठीवर थोपटलं.

डावऱ्या जिन्यात भेटला, बघितलं न बघितलंसं करून गेला.

१६ सप्टेंबर

दोन दिवसांनी माझं पहिलं. नाचायला हवं खरं तर! वॉर्डात सकाळपासून हवेत गाठी मारतेय. पण मन खातंय.

सर रागावले का नाहीत? ज्या पोरीनं भर खोलीत हात उघडा करायला लावला, तिला कुणी पहिलं ऑपरेशन देतं? इतका चांगुलपणा फुकट नसतो. सिस्टरना म्हटलं तर म्हणाल्या, "तुमची कावीळ अजून उतरली नाही वाटतं." हसोत.

मला वाटतं, हात आधीपासूनच गेला असणार. आजाराचं नुसतं निमित्त. आमच्यासमोर वर्षभर कसं निभावून नेलं कोण जाणे! तेच लपवायचंय, म्हणून मला गोड बोलून गप्प करतायत. उद्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन त्यांची मे महिन्याची फाइल काढते. काय ते एकदाचं कळू दे.

१७ सप्टेंबर

भरती झाले त्या दिवशीची तपासणी: दोन्ही हात उत्तम.

१२ मे. पालथं घातल्याचा तक्ता. 'उजवा हात वर – दर दोन तासांनी बदलणे.' अकरा – हात वर ठेवला, माझी सही. एक – रिकामं. तीन – रिकामं. पाच – बदलला, सही. सगळ्या सह्या माझ्या. मधे मी ऑफिसबाहेर उभी होते.

रेकॉर्डवाले काका म्हणाले, "ही फाइल? ऑगस्टात सर स्वतः येऊन वाचून गेले. याच पानावर बराच वेळ बसले होते."

उद्याच्या यादीत पहिलं नाव माझं आहे. वेड्यावाकड्या अक्षरात, डाव्या हातानं लिहिलेलं.