मेपलखालची खुर्ची

हॉर्टेन्स आत्यास, एझ्राचा सप्रेम नमस्कार.

शनिवारी दुपारी टॅमसिनने त्या लोवेलचा आरसा हातात धरला आणि माझं आयुष्य तिथेच उलटंपालटं झालं. (तुझा गुडघा कसा आहे? मुरंबा पोचला, संपलाही.)

तुला ठाऊकच आहे, आपल्या विदरेल घराण्याच्या मेळाव्यात मूळपुरुष ओबडायाच्या पहिल्या बायकोची लेकरं मेपलच्या सावलीत बसतात आणि दुसरीची, म्हणजे तू-मी, उन्हात, कचऱ्याच्या पिंपाशेजारी. टॅमसिन सावलीतली. (तिची आई मला चारचौघांत 'टॅमसिनचा लांबचा भाऊ' म्हणते, ते मी गिळतो.) आणि लोवेल तर विदरेलही नाही. आडनाव इंग्लंडातल्या कुठल्या खेड्यातून आलं ते शोधायला आपणच त्याला बोलावलं, तर गेल्या मेळाव्यात हा तिच्या शेजारी बसून ब्लूबेरी पायचा पहिला तुकडा खातो. कॉलेज पुरं केलं की असे मान मिळतात म्हणे.

मग मी ठरवलं, आपला पूर्वज जेबेझ पहिलीचाच मुलगा होता हे सिद्ध करायचं आणि सावलीत जाऊन बसायचं. त्याच्या थडग्यावरची अक्षरं पार झिजलीत. ती उठून दिसावीत म्हणून बाबांचा दाढीचा फेस दगडाला फासत होतो, तेवढ्यात हे दोघं आले.

"एझ्रा," टॅमसिन म्हणाली, "आजोबांची दाढी तू करतोयस, पण त्यांना विचारलंस का?"

लोवेल हसलासुद्धा नाही. (हसला असता तर मारता तरी आलं असतं.) फेसाने दगड खराब होतो म्हणाला, धुऊन काढला, तिच्या हाती आरसा दिला. आरशातलं तिरकं ऊन दगडावर पडताच अक्षरं उभी राहिली: जेबेझ, अनाथ, ओबडायाने वाढवलेला. ना पहिलीचा, ना दुसरीचा. लोवेल म्हणतो, तुमच्या आडनावासाठी इंग्लंडला जायला नको, ते इथूनच सुरू होतं.

टॅमसिन आरसा तसाच धरून हसली. "म्हणजे आपण नात्यातले नाहीच, एझ्रा?"

नाही तर नाही, म्हणालो, आणि तडक घरी आलो. आता तिचं तोंड बघायचं नाही. पुढच्या मेळाव्यालाही येणार नाही.

तुझा (रक्ताने निदान तुझा तरी),
एझ्रा

ता. क. खुर्च्या तूच मांडतेस. लोवेलला माझी उन्हातली दे. पिंपाला चिकटून.

आणखी एक ता. क. मघापासून भिंतीवर उन्हाचा कवडसा नाचतोय. खिडकीतून पाहिलं, तर फाटकापाशी टॅमसिन, आरसा घेऊन, एकटीच. ती का हसली होती ते आत्ता कुठे डोक्यात शिरतंय. वरचं सगळं विसर, लोवेलची खुर्ची तेवढी लक्षात ठेव. पत्र वाटेत पेटीत टाकतो. निघालो, दार ओढून घेतो.