अग्यावेताळाचा थंड जाळ

मी, इंदिरा रुपचंद बोरसे, वय वर्षे ५८, अविवाहित, सेवानिवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही भरीस न पडता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना याबद्दल शंका येईल त्यांची नावे मला आजच ठाऊक आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

येत्या २० एप्रिलला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "बाई, निम्मी निम्मी शक्यता आहे." मी चौतीस वर्षे मुलींना विज्ञान शिकवले आहे, निम्मी म्हणजे किती ते मला समजावून सांगावे लागत नाही. ४ मे रोजी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, आमच्या गावी सोंगे निघतात. परत आले तर त्या दिवशी गावच्या घराच्या ओट्यावर मी स्वतः उभी राहीन. न आले तर हा कागद उभा राहील.

सन १९८४ मध्ये केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात राहते घर पुतण्या अभिमन मोतीलाल बोरसे यास दिले होते. तेव्हा तो शहाणा होता, किंवा मला तसे वाटत होते.

कलम १. घर.

मौजे सावरटेक, तालुका भडगाव येथील माझ्या मालकीचे दोन खोल्यांचे घर, पुढील ओट्यासह. चतुःसीमा: पूर्वेस सार्वजनिक विहीर, दक्षिणेस गल्ली, उत्तरेस ग्रामपंचायतीची पडीक जागा, पश्चिमेस अभिमनचा गोठा. हा गोठा माझ्या हद्दीत दीड हात आत आला आहे. म्हशी आपण होऊन सरकत नाहीत, हे मी त्याला दोनदा लेखी कळवले आहे.

हे घर मी धुरपदाबाई उखर्डू यांना, म्हणजे कै. तोताराम यांच्या मुलीला, कायमचे व संपूर्ण मालकी हक्काने देत आहे.

अभिमन म्हणेल की घराबरोबर मान जातो आणि मान बोरशांचा आहे. म्हणून मानाविषयी येथे लिहून ठेवते. सोंगांमध्ये शेवटी अग्यावेताळ निघतो. त्याच्या डोक्यावरचा जळता मुकुट आमच्याच ओट्यावर बांधला जातो. घराच्या मालकाने गाठ मारायची, आणि देवळापाशी पोचल्यावर त्यानेच ती सोडायची. मध्ये दुसऱ्या कोणी गाठीला हात लावायचा नाही. मुकुटाखालचे डोके मात्र तोतारामच्या घरचे. असे का, हे कोणी विचारत नाही. पण मान रक्ताचा नाही, उंबरठ्याचा आहे. माझ्या आजोबांनी हे घर एका शिंप्याकडून विकत घेतले आणि त्या वर्षापासून मुकुट बोरसे बांधू लागले. त्याआधी शिंपी बांधत होता. आता धुरपदा बांधील. १९६१ च्या वाटणीत अभिमनच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावाने, विहिरीखालची जमीन घेतली आणि "घर इंदूला द्या, तिला कोण घेऊन जाणार आहे?" असे पंचांसमोर म्हणून ओटा माझ्या पदरात टाकला. मान त्यांना तेव्हा आठवला नाही.

धुरपदालाच का, ते लिहिते. गावाला माहीत आहे. माझ्या हातचे असे कुठे लिहिलेले नाही.

१९५३ ची आखाजी. मी पुण्याहून इंटर सायन्सची परीक्षा देऊन आले होते. त्या वेळी मुकुट लोखंडी होता. कड्यावर सहा वाट्या, वाट्यांत रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या, हनुवटीखाली सुती पट्टा. तोताराम आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, त्याच्या हनुवटीखाली गाठ मारली आणि पूजेचे ताट आणायला ते घरात गेले. वेताळ वाजतगाजत पुढे निघाला. विहिरीच्या वळणावर वारा आला, एक वाटी कलंडली, रॉकेल पट्ट्यावर उतरले आणि पट्टा पेटला.

भोवती आठ पुरुष होते. आठही जण ओरडत होते, "नानास्ले बलावा! नानास्ले बलावा!" गाठीला एकाचाही हात गेला नाही. नाना दारातून ओरडले, "गाठले हात लावू नका! मी ई ऱ्हायनू!" आणि निघाले. ओट्यापासून त्या वळणापर्यंत साठ पावले आहेत. हातात ताट होते म्हणून ते धावले नाहीत.

मी ओट्यावर हारांचे दोरे कापत होते. शेजारी धुरपदा उभी होती, वय आठ. ती माझे लुगडे ओढत म्हणाली, "अक्का, कातर शे ना तुमना हातमा!" होती. मला ज्वलनाची सगळी कारणे पाठ होती. तरी नानांनी हात लावू नका म्हटले म्हणून मी थांबले.

तोतारामचा डावा कान व डावा डोळा गेला. त्यानंतर तो अकरा वर्षे जगला आणि ती सर्व आमच्या गोठ्यात राबला. नानांनी गावात सांगितले की वेताळाने त्याला प्रसाद दिला. वडिलांबद्दल मृत्युपत्रात असे लिहू नये, असा सल्ला मला मिळाला आहे. मी तो ऐकला आणि बाजूला ठेवला.

कलम २. मुकुट.

१९५३ नंतर चोवीस वर्षे वेताळ निघाला नाही. १९७७ साली अभिमन देवपूरला आला. "आत्या, वेताळ पुन्हा काढू. ओटा तुझा, तू हो म्हण." मी म्हणाले, "हो. पण जाळ मी करीन."

पहिला मुकुट मी १९७८ साली केला. वेताची कडी, त्यावर कागदाच्या लगद्याची टोपी, लगद्यात मेथीचे पीठ. आत टॉर्चचे चार दिवे, त्यांवर लाल-पिवळा जिलेटिन कागद. तळाशी टेपरेकॉर्डरची मोटर आणि तिला डब्याच्या पत्र्याचा पंखा. पंख्याच्या वाऱ्यावर तलम रेशमाच्या पट्ट्या वर उडत. सेल कमरेच्या पिशवीत. मुकुट तयार झाल्यावर धुरपदा तो पाहायला आली. तिचा नवरा उखर्डू घरजावई, म्हणून डोके आता त्याचे. ती म्हणाली, "पहिले तुमना डोकावर ठेवा, अक्का." मी तासभर तो घालून अंगणात फिरले. ती खाली बसून माझ्याकडे पाहत राहिली. तासाभराने उठली आणि नवऱ्याला पाठवते म्हणाली.

त्या वर्षी माझी चूक झाली. सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या कापल्या. उखर्डू ओट्यावरून उतरला आणि पोरे ओरडली, "कोंबडा उना रे, कोंबडा!" अभिमन सगळ्यांत मोठ्याने हसला. दुसऱ्या वर्षी पट्ट्या पंख्यात गुंडाळल्या गेल्या. मग मी पावसाळाभर चुलीसमोर वही घेऊन बसले आणि जाळ नीट पाहिला. जाळाची दोन टोके कधी एका उंचीला नसतात. तो बुडाशी पिवळा, वर लाल, आणि त्याचा उजेड क्षणभरही स्थिर नसतो. पट्ट्या मी अकरा वेगवेगळ्या लांबींच्या केल्या. उजेड हलवण्यासाठी एका तारेच्या जोडात बॉलपेनची स्प्रिंग सैल बसवली. पाऊल आपटले की स्प्रिंग हलते आणि दिवे थरथरतात. वेताळ नाचला तर जाळ भडकतो, थांबला तर निवतो. १९८१ साली पहिल्या रांगेतल्या बाया पदर सावरून मागे सरकल्या. मला तेवढेच पाहायचे होते.

हनुवटीखालच्या पट्ट्याला गाठ नाही. शाळेच्या दप्तराचा चाप आहे. ज्याच्या डोक्यावर मुकुट, त्याला तो एका हाताने उघडता येतो. गावाच्या समाधानासाठी मी ओट्यावर वरून एक लाल दोरा बांधते. तो ओढला तर तुटतो. तो तुटावा इतकाच पातळ घ्यावा.

१९८६ साली जिल्ह्याच्या स्पर्धेत या मुकुटाला ढाल मिळाली. तिच्यावर कोरले आहे: "कल्पना: अभिमन बोरसे". ती त्याच्या बैठकीत टीव्हीवर आहे. ती मी मागत नाही. त्याला कल्पना सुचली नाही एवढे येथे नोंदवते.

हा मुकुट, पट्ट्यांचे सुटे तीन संच व दोन मोटरी धुरपदाबाई यांना द्याव्यात.

कलम ३. हत्यारे व वह्या.

सोल्डरिंगचे हत्यार, पकडी, पत्रा कापायची कात्री, शिवणयंत्र आणि आराखड्यांच्या चार वह्या मंजू सुरेशचंद जैन, देवपूर, हिला द्याव्यात. पट्ट्या तिने शिवल्या. "बाई, रेशीम असे तिरके कापू नका, लवकर विरते," हे मला तोंडावर सांगणारी ती एकटी. वह्या गावच्या सोंगांच्या मंडळाने मागितल्यास तिने देऊ नयेत. मागणाऱ्याला मुकुट करायचा असेल तर त्याने तिच्यापाशी बसून शिकावे. तिने मारलेले टोमणे खाण्याची तयारी ठेवावी. मंजूच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करील.

कलम ४. शिल्लक.

पोस्टात व बँकेत जे असेल त्यातून दवाखान्याचे देणे भागवावे व उरलेले मंजूकडे द्यावे. दरवर्षी मुकुटाला नवे सेल लागतात. जुने सेल घालून मुकुट मिणमिणत नेऊ नये.

कलम ५. पुतण्या अभिमन.

गेल्या महिन्यात तो देवपूरला आला. चहा घेतला आणि म्हणाला, "आत्या, आता खरा जाळ लावू. बॅटरीचा देव कोण पाहतो? शेजारच्या गावची माणसं व्हिडिओ कॅमेरा घेऊन येणार आहेत."

मी विचारले, "डोके कोणाचे?"

"झुलालचं. दुसऱ्या कोणाचं असणार?"

झुलाल म्हणजे धुरपदाचा मुलगा, वय सव्वीस. उखर्डू गेल्यावर मुकुट तो घालतो. अभिमनने त्याला आधीच फितवले होते. मी बोलावले तेव्हा तो दारातच उभा राहून म्हणाला, "अक्का, तुमनी आग थंडी शे. लोक हसतस."

"हसू देत. हसणाऱ्याचे कान दोन आहेत का ते मोज," मी म्हणाले. तो खाली पाहू लागला. त्याचे आजोबा तोताराम गेले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. मी सांगितले, कात्रीसह.

अभिमनने धुळ्याहून नवा लोखंडी मुकुट करून आणला आहे. वाट्या नऊ. गाठ पूर्वीसारखी. मी हे नवे मृत्युपत्र न करता गेले तर १९८४ च्या लेखाने घर त्याचे, ओटा त्याचा आणि गाठ मारणारा हातही त्याचा. त्याचे सगळे गणित माझ्या झडपेवर चालले आहे. म्हणून स्पष्ट लिहिते: अभिमनला माझ्या स्थावर-जंगमातून काहीही मिळू नये. अपवाद एक. १९५३ चा लोखंडी मुकुट माझ्याकडे होता. तो मी मागच्या रविवारी करवतीने कापला. त्याचे एकवीस तुकडे झाले. ते सर्व एका पिशवीत आहेत. ती पिशवी त्याला द्यावी व पोच घ्यावी.

ओट्यावर ज्या वर्षी खऱ्या जाळाचा मुकुट येईल, त्या वर्षी धुरपदाने दार लावून घ्यावे. गाठ मारू नये, कोणाला मारू देऊ नये. गाठ नाही तर वेताळ निघत नाही. हा गावाचाच नियम आहे, मी केलेला नाही. झुलालऐवजी अभिमन स्वतःचे डोके देतो म्हणाला, तरी दार लावूनच घ्यावे. त्याचेही डोके जळू नये. मी त्याची आत्या आहे.

कलम ६. अंत्यविधी.

माझ्या चितेला अग्नी अभिमननेच द्यावा. खऱ्या जाळाची त्याला हौस आहे आणि तेथे कोणाला इजा होणार नाही. दहाव्याला मंडळाने शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर "अक्कांचे मार्गदर्शन लाभले" असे कोणी म्हणू नये. मी मार्गदर्शन केले नाही, काम केले.

शेवटची नोंद.

काल धुरपदाबाईंना बोलावून हे सर्व वाचून दाखवले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून सावकाश वाचले. १९५३ चा भाग त्यांच्या सांगण्यावरून दोनदा वाचला. झुलाल सोबत होता. वाचून झाल्यावर धुरपदाबाई म्हणाल्या:

"घर लिसू, अक्का. आग बी कोनाना डोकावर ठेवू देवाव नही. पन माफी देवाव नही."

मी म्हणाले, "मागितलेली नाही."

"मांगा नका," त्या म्हणाल्या. मग झुलालला म्हणाल्या, "ऊठ. मुकुट उचल, संभाळीसन." त्याने तो दोन्ही हातांनी उचलला. म्हणजे कलम २ मधील मुकुट कालच, माझ्या हयातीत, ताब्यात दिला गेला आहे. त्याची नोंद येथे करते. लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा असल्याने धुरपदाबाईंचा अंगठा येथे घेतलेला नाही. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहिले आहे. ते मला मान्य आहे.

हा लेख मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि यातला एकही शब्द कमी करायचा नाही असे ठरवून, खालील दोघांच्या समक्ष सही केली. त्या दोघांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या.

स्थळ: देवपूर, धुळे
दिनांक: १३ एप्रिल १९९२, सोमवार

(सही) इंदिरा रुपचंद बोरसे

साक्षीदार:
१. (सही) शालिग्राम जीवराम महाजन, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, देवपूर
२. (सही) कुंदाबाई शालिग्राम महाजन, देवपूर