भाऊने मागितलेलं भाषण

१६ जानेवारी, धुळे
भाऊ पारोळ्याहून आला. वहिनीने गूळपोळ्या दिल्या होत्या. वैशाली दवाखान्यात, सकाळची पाळी. बरं झालं. चहा झाला. मग म्हणाला, समलिंगी लग्नांविरुद्ध २८ ला कलेक्टर कचेरीवर मोर्चा. पारोळ्याकडची माणसं तो आणणार. 'बायांमधून शिकलेलं कोणी बोलायला पाहिजे. तू प्राध्यापक. धाकट्या बहिणीला नाही तर कोणाला सांगू?'
बघते म्हटलं. नाही म्हणता आलं नाही.

१९ जाने.
वै.ला सांगितलं. मेथी निवडत होती. 'तू स्टेजवर चढलीस तर मी भुसावळला जाईन, आईकडे. परत येणार नाही.' आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.
इतकी वर्षं एका घरात. कॉलनीत आम्ही 'दोघी मॅडम'. तेवढ्यावर भागत होतं.

२१ जाने.
समोरच्या काकूंकडे हळदीकुंकू. वाणाच्या डब्यात पत्रक: आपली मुलं वाचवा. शाळेत आता हेच शिकवणार म्हणे. कुठल्या शाळेत, कोणी विचारलं नाही. मीही नाही. एक व्हिडिओ हातोहात फिरला. बायका खरंच घाबरल्या होत्या, हेच जास्त वाईट. एरवी एकमेकींच्या दारात न जाणाऱ्या एका सतरंजीवर बसून कोण कोणत्या गाडीत बसणार ते ठरवत होत्या.
'वैशाली मॅडम येतील ना?'
'ड्युटी असते त्यांना.'
सगळ्या माझ्याकडे बघतायत असं वाटलं. बघत नसतीलही.

२४ जाने.
स्टाफरूममध्ये शिंदे सर म्हणाले, 'मॅडम, अभिनंदन. वक्त्यांत तुमचं नाव बघितलं.' मोबाईल दाखवला. माझा फोटो, आडनावासकट.
जिन्यात जाऊन भाऊला फोन. न विचारता नाव टाकलंच कसं? तो घरातल्यासारखा, अहिराणीत, 'माले बठ्ठं माहीत शे. कधीनं. तू बोलनी ना, मंग तुम्हनाकडे कोनी बोट दाखाडाव नही.'
तुम्हनाकडे. म्हणजे दोघींकडे. सगळं माहीत आहे त्याला, कधीपासून.
'आणि नाही बोलले तर?'
'लोक विचारतीन. मी काय सांगू?'
धमकी होती की काळजी, कळत नाही. त्यालाही कळत नसावं.

२७ जाने.
रिक्षावरचा भोंगा कॉलनीतून दोनदा गेला. माझं नाव घेत. वै. जेवली नाही. संध्याकाळी भाऊला मेसेज टाकला: 'नाव काढ. मी येणार नाही.' वाचलाय.
कॉलेजात उद्याची रजा टाकली. कारण, डोकेदुखी.

२८ जाने., दुपार
वै.नेही सुट्टी घेतली. खिडक्या लावून बसलोय. मोर्चा मोठ्या रस्त्यावरून चाललाय, घोषणा इथवर येतायत. काकूंचं दार बंद, त्या सकाळीच गेल्या. मला हाक मारली नाही त्यांनी. विसरल्या, की कळलं?
फट करून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी भाऊ उभा. गळ्यात मोर्च्याचं उपरणं. आत येत नाही, मागेही जात नाही. एकटाच.
वै.ने पाहिलं. 'बोलाव त्यांना. चहा टाकते.'
आधण उकळतंय. मी अजून खिडकीशीच.