लीलेच्या वाटचं ऊन

राजा घाटाजवळून, वाराणसी

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या वेणीमाधवाचा साष्टांग नमस्कार. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आता अक्षर नीट दिसतं ना? आमच्याकडे सर्व ठीक (म्हणजे आता ठीक, मध्ये नव्हतं, म्हणून पत्राला उशीर).

डिसेंबरात लीलेला फ्लू झाला आणि तो छातीत उतरला. चार दिवस ऑक्सिजनवर होती. नर्स आली की माझी बाही सोडायची, गेली की पुन्हा धरायची. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझी बाही कधी धरल्याचं मला आठवत नाही. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. अशांना हे विषाणू जरा लवकर गाठतात असं दिसतं. आठवड्याला एक पुडी, थोडं ऊन, आणि दरवर्षी फ्लूची लस. मी विचारलं, मग पुन्हा होणार नाही ना? "पंडितजी, ये कवच नहीं है," त्या म्हणाल्या. "कमी है, तो भर दीजिए. बस." मी मात्र रिक्षात बसेपर्यंत त्याचं कवच करून टाकलं होतं.

आता ऊन. आमच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाने भिंतीत शिरायचं, तिथे सूर्याला कुठून जागा? गच्ची माकडांकडे (त्यांना ड भरपूर असावं). म्हणून नाव ठरवली आणि लीलेला पलीकडे, रामनगरच्या बाजूला, वाळूवर नेलं. नेमका त्या दिवशी कोहरा, तुमचं धुकं. दोन तास बसलो. लीला शाल, मफलर, कानटोपीत. उघडं फक्त नाक. तिला धीर यावा म्हणून मी स्वेटर उतरवला, मग सदराही. नावाडी दिनानाथ बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "गुरुजी, पहले सूरज को निकलने दीजिए."

तिसऱ्या दिवशी मला ताप. जिला जपायचं तीच मला वाफ देत बसली. दूर हो, तुला लागेल, म्हणून मी चिडलो, विनवलं, शेवटी रडलोसुद्धा. तिने मास्क बांधला, खिडकी उघडली आणि बसून राहिली. तिला काही झालं नाही. पुडीमुळे, मास्कमुळे, की दैवाने, हे डॉक्टरीणबाईही सांगेनात. पण अक्का, अजून डोळे मिटले की मला तिचा तो हॉस्पिटलातला श्वास ऐकू येतो.

तुझा,
वेणीमाधव

ता. क. : तुझ्या नागपूरच्या अंगणात सकाळभर ऊन असतं. लीलेला महिनाभर बोलावून घे. पापड करायला हात हवेत, असं लिही. तब्येतीसाठी म्हटलंस तर ती हलणार नाही. मी इथे एकटा व्यवस्थित राहीन.

आणखी ता. क. : वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय. यांना भात लावता येत नाही. रक्त यांचंही तपासलं होतं. ड माझ्याहून कमी निघालं, तेवढं लिहायचं राहिलेलं दिसतं. दोघंही येतो. — लीला