साडूचा पैलवान

पेण, सोमवार

रा. रा. विष्णुराव साडूभाऊ, मुक्काम रोहा, यांस हैबतरावाचा पेणहून रामराम. आम्ही दोघं इकडे धडधाकट आहोत, तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. सौ. वैशालीच्या तब्येतीची चौकशी करत नाही, कारण तिची बहीण रोज सकाळी फोनवर तासभर तेच करते. आता म्हणाल, मोबाइल असताना हे पत्र कशाला? तर मोबाइलवर बोललो की तुम्ही स्पीकर लावून सगळ्या आळीला ऐकवता. कागदाला स्पीकर नाही.

विषय तुमच्या कुस्तीच्या गेमचा. सावनीने बापाच्या रिटायरमेंटला तो डबा दिला, चांगलं केलं. धाटावच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट करून दमलेल्या माणसाने आता टीव्हीवर पैलवान लोळवावेत, आमची ना नाही. (आम्हाला लेकीने रिटायरमेंटला काय दिलं असतं कोण जाणे. मूर्तिकार रिटायर होत नाही आणि आम्हाला लेक नाही.) पण तो डबा तुमच्याकडे आल्यापासून आमचा एक रविवार घरी गेलेला नाही. शनिवारी संध्याकाळीच अनसूया पोह्याचे पापड निवडायला बसते. अख्खे पापड डब्यात, रोह्याला. मोडके माझ्या ताटात. छत्तीस वर्षं संसार करून मी तुकडे खातोय विष्णुराव, आणि त्यावर काही बोलायची सोय नाही.

आता माझ्या पैलवानाचं. त्या गेममध्ये आपला आपण पैलवान घडवता येतो हे तुम्हीच सांगितलंत. तुम्ही पाच मिनिटांत एक ढेरपोट्या उभा केलात, त्याला तुमच्यासारखी मिशी लावलीत आणि नाव ठेवलंत रोहा केसरी. मी दोन रविवार घातले. खांदे, दंड, मांड्यांचा घाट, सगळं मनासारखं उतरवलं. डोळे शेवटी, हा आमच्या कारखान्याचा नेम, म्हणून पहिल्या रविवारी त्याचे डोळे नुसते पांढरे ठेवले. (वैशाली घाबरून स्वयंपाकघरात गेली, त्याबद्दल तिची माफी मागतो.) दुसऱ्या रविवारी डोळ्यांच्या आखणीला बसलो तेव्हा पंखा बंद करा म्हटलं, तर तुम्ही हसलात. हसा. चाळीस वर्षं गणपतीचे डोळे काढणारा हात आहे हा. पेण केसरीची नजर अशी उतरली की समोरच्याने पाया पडावं.

आणि तुमच्या ढेरपोट्याने पहिल्याच मिनिटाला त्याच्या डोक्यात लोखंडी खुर्ची घातली!

तो कलंडला आणि मी हातातला रिमोट टाकून दोन्ही हात टीव्हीकडे नेले. हे मुद्दाम लिहितो, कारण तुम्ही ते सगळ्या पाहुण्यांना करून दाखवता असं कानावर आलंय. कारखान्यात मूर्ती कलली की हातात ब्रश असो, चहा असो, सोडून द्यायचा आणि आधी मूर्ती झेलायची. अंगात भिनलंय ते. पण मूर्ती हातात येते, हा कुठला येतोय? मी टीव्हीपुढे हात पसरून बसतो, रिमोट सोफ्याखाली, आणि पंच तीन मोजून मोकळा. असं अकरा वेळा झालं.

हरण्याचं मला काही नाही. पण अकराही वेळा अनसूयेने टाळ्या वाजवल्या, त्या तुम्हाला. माझ्या मूर्ती परदेशात जातात. तेव्हा ही बाई फक्त म्हणाली होती, "बरं झालं, जागा मोकळी झाली." आणि तुमच्या मिशीवाल्याने कोपरखळी मारली तर टाळ्या! जळतो मी, विष्णुराव. चुन्याच्या भट्टीसारखा जळतो. परतीच्या गाडीत रोह्यापासून पेणपर्यंत तिला हेच ऐकवत येतो, आणि ती गप्प बसून ऐकते, म्हणजे तिलाही पटत असणार.

सगळ्यांना नमस्कार.

आपला,
हैबतराव

ता. क. मी जळतो वगैरे वर लिहिलंय ते रागाच्या भरात. तसं काही नाही.

ता. क. दुसरा. पडलेल्या पैलवानाला उठवायचं बटण कुठलं, ते तेवढं कळवा. सावनीला विचारलं असतं, पण ती हसते. तुम्ही रिमोटचं चित्र काढून, त्या बटणावर खूण करून पाठवा. तुमच्या घरच्या गणपतीची आखणी दरवर्षी मी स्वतः करतो. यंदाही करावी असं वाटत असेल, तर बटण रविवारच्या आत कळलं पाहिजे. अनसूयेला यातलं बोलू नका.

विष्णुराव, यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली चार ओळी लिहिते. बटण यांना सांगू नका. ते मला पहिल्याच दिवशी वैशालीने दाखवलंय. लग्न झाल्यापासून आषाढ-श्रावणात यांची नजर त्या मूर्तींच्या डोळ्यांत. मी नवं लुगडं नेसून चहा घेऊन उभी राहिले तरी मान वर होत नाय. मला त्या मूर्तींचा हेवा वाटायचा, देवाचा कसला हेवा करायचा म्हणून कधी बोलले नाय. आता रविवारी हरले की गाडीत पेण येईपर्यंत माझ्याकडे तोंड करून बसतात आणि माझ्याशी बोलतात. काल कासू स्टेशनाला डोळ्यांत बघून विचारलं, "अनू, तू त्याला टाळ्या का गो वाजवल्यास?" मी काय सांगणार?

तुमच्या गणपतीचे डोळे हेच काढतील, ती जबाबदारी माझी. रविवारी येतोच. खुर्ची मात्र जरा हळू मारा.

अनसूया