‘पडवी’च्या साहेबांची तब्येत

७८६
भोर, ५ ऑगस्ट २००६

ति. खालाजान यांना हुमाचा सलाम. वि. वि.,

तुमचं पत्र मिळालं. भाकरी थापताना का फाटते, याचं तुमचं उत्तर मी अल्ताफभाईच्या सायबर कॅफेत बसून जसंच्या तसं टाइप केलं आणि ‘पडवी’ साइटवर टाकलं. बहारीनच्या एका बाईंनी लिहिलंय की त्यांची भाकरी पहिल्यांदाच फुगली आणि नवरा बघतच राहिला. भाकरीकडे की त्यांच्याकडे, ते लिहिलेलं नाही.

आता वाईट बातमी. तुम्ही उत्तरं देता तो ‘विचारा की’ विभाग महिनाअखेर बंद होणार. साइटच्या व्यवस्थापनाने सूचना लावली आहे, ‘अपरिहार्य कारणास्तव आम्ही हा विभाग बंद करीत आहोत.’ लोकांनी खाली निषेध लिहिले. नागपूरच्या एका निवृत्त इंजिनियरांनी कायद्याची भाषा केली. व्यवस्थापनाने ती चर्चाच कुलूपबंद केली. नाशिकच्या अश्विनीताई म्हणतात, आता काय करायचं ते वेल्ह्याच्या खालालाच विचारा. विभाग कसा वाचवावा हा प्रश्न त्यांनी त्याच विभागात टाकलाय.

मला तुमची काळजी वाटते. खालूजान गेल्यापासून तुम्ही कुणाशी फारसं बोलत नव्हता. अम्मी म्हणते, उत्तरं लिहायची असतात म्हणून तुम्ही वेळेवर जेवता तरी.

माया आहे तशीच ठेवा.

तुमची
हुमा


७८६
वेल्हे, ९ ऑगस्ट २००६

चि. हुमाला खालाच्या पुष्कळ दुवा.

तुझं पत्र वाचत उभी राहिले आणि दूध उतू गेलं. ते तुझ्या नावावर. अम्मीला सांग, मी जेवते, तिनं तिचे गुडघे सांभाळावेत. पण एक खरं. कुणीतरी आठवडाभर माझ्या बोलण्याची वाट बघतंय, असं परत व्हईल वाटलं नव्हतं. हे बंद व्हायला नको.

भांडू नका. साहेब लोक भांडणाला सरावलेले असतात. आमच्या आळीचा नळ अडला होता तेव्हा अर्ज दिले, मोर्चा नेला, साहेब हलला न्हाई. मग शेजारच्या अंबूबाईनं आणि मी ठरवलं. एकेकीनं जायचं. दारात उभं राहून विचारायचं, साहेब, तब्येत बरी हाय ना? बस. नळाचं नाव काढायचं न्हाई. मुकाट घरी यायचं. दुसऱ्या दिवशी दुसरी. शेवटी साहेबच खुर्ची सोडून बाहेर आला आणि म्हणाला, बायांनो, काय ते एकदा बोला तरी. कुणी बोललं न्हाई. नळ आला. रागावलेल्याला हाकलता येतं. खुशाली विचारणाऱ्याला कसं हाकलणार?

तुमच्या सगळ्यांना हेच सांग. एकेकानं जावं, गोड बोलावं. विभागाचं नाव कुणी काढलं तर गाठ माझ्याशी हाय.

अल्ताफला म्हणावं, दाढी कर. लेकरा, सुखात राहा.

तुझी
खाला


७८६
भोर, २१ ऑगस्ट २००६

ति. खालाजान यांना सलाम. वि. वि.,

तुमचा हुकूम मी सगळ्यांना खासगीत कळवला. एरवी दोघांचं एकमत होत नाही, पण या वेळी सगळ्यांनी ऐकलं. नागपूरचे इंजिनियर सकाळ-संध्याकाळ व्यवस्थापनाची खुशाली विचारतात. सोलापूरच्या एका बाईंनी झोप नीट लागते का, असं विचारून काढा कळवला. अश्विनीताईंनी अंगावर ताप काढू नका, अशी विनंती केली. तुम्हाला कुणी पाठवलं असं व्यवस्थापनाने विचारलं, तर सगळे सांगतात, वेल्ह्याच्या खालाने.

त्याचा परिणाम असा. आधी सूचना लागली, ‘आमची तब्येत उत्तम आहे. सभासदांनी काळजी करू नये.’ त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मग दुसरी लागली, ‘सभासदांच्या आग्रहावरून आम्ही रक्त तपासून घेतले. साखर थोडी वाढलेली निघाली. आभार.’ खाली पथ्यांची रांग लागली आहे. कारल्याच्या रसावरून दोन गट पडले आहेत.

विभाग मात्र ठरल्याप्रमाणे बंद होणारच आहे.

खालाजान, तुमच्या साहेबाला नळाचं सगळं माहीत होतं. ‘पडवी’च्या साहेबांना वाटतंय, लोक खरोखरच तब्येत विचारताहेत. आणि खरं सांगू? आता विचारतातच. सोलापूरच्या बाई उठल्या उठल्या आधी साहेबांची साखर बघतात. विभागाची आठवण कुणाला राहिलेली नाही.

आता मी सरळ लिहू का? लवकर कळवा. रागावू नका.

तुमचीच
हुमा


७८६
वेल्हे, २७ ऑगस्ट २००६

चि. हुमाला अनेक दुवा.

सरळ लिहायची गरज पडली न्हाई. काल दुपारच्या एस.टी.नं एक मुलगा आला. वाळकासा, पाठीवर बॅग. स्टँडवरच्या लोकांना वाटलं तोरण्यावर जायला आलाय, त्यांनी त्याला गडाची वाट दाखवली. अर्ध्यातून परत येऊन माझं घर शोधलं. नाव स्वरूप. म्हणाला, मी ‘पडवी’.

मी त्याच्या मागं बघितलं. बाकीचे कुठं? बाकी कुणी न्हाई. पुण्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात ही साइट एकटाच बघतो. आपलं प्रत्येक उत्तर आधी तो वाचतो, मग लावतो. कुणी भलताच सल्ला दिला आणि कुणाचं बरंवाईट झालं तर, अशी त्याला धास्ती. वाचून वाचून दमला, म्हणून बंद करायला निघाला. मी विचारलं, मग आम्ही-आम्ही कशाला लिहितोस? म्हणाला, एकट्यानं लिहिलं तर लोक ऐकत न्हाईत.

आणि आला कशाला, तर माझ्या तब्येतीचं तुमाला काय कळलंय ते खरं सांगा, असं विचारायला! बिचाऱ्याला वाटत होतं, सगळ्यांना ठाऊक हाय आणि त्यालाच कुणी सांगत न्हाई. मी नळाची गोष्ट सांगितली. त्यानं चहा मागितला, बिनसाखरेचा.

हुमा, मला लाज वाटली. तो जेवायला बसला तेव्हा मी म्हटलं, वाचायचं काम आमच्यावर सोड. अश्विनी, नागपूरचे इंजिनियर, मी, पाळी लावून घेऊ. तो म्हणाला, तुमच्याकडं हितं कंप्युटर कुठंय? म्हटलं, भोरला भाची हाय आणि दारात एस.टी. हाय. तो हो म्हणाला. परतीच्या एस.टी.त मार्गासनीपर्यंत तरी बसायला जागा मिळाली असेल त्याला, डबा दिलाय सोबत.

माझी पाळी मंगळवारी. नसरापूरला गाडी बदलून येते. खुर्ची रिकामी ठेव.

खुदा तुला सलामत ठेवो.

खाला


७८६
भोर, ७ सप्टेंबर २००६

ति. खालाजान यांना सलाम. वि. वि.,

परवा तुम्ही नीट पोचलात ना? तुम्ही गेल्यावरही कॅफेत तुमचाच विषय होता. अल्ताफभाई म्हणतो, खाला कंप्युटरशी बोलते ते ठीक, पण त्याला दम देते. तुमच्यासाठी तो जाड गादीची खुर्ची आणतोय. दाढीही केली.

विभाग चालू राहिला म्हणून सगळे खूश होते. एकच दिवस. तुम्ही अश्विनीताईंचं उत्तर थांबवलंत ना, सासूशी कसं वागावं या प्रश्नाचं? ‘बोलणं टाका, घर वेगळं करा, मागे वळून बघू नका’, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या भडकल्या आहेत. व्यवस्थापन सभासदांचं ऐकत नाही, असं त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि नागपूरच्या इंजिनियरांनी पुन्हा कायदा काढलाय. या खेपेला व्यवस्थापन म्हणजे तुम्ही. स्वरूप विचारतो, चर्चेला कुलूप लावू का?

काय कळवू?

तुमची
हुमा


७८६
वेल्हे, १० सप्टेंबर २००६

चि. हुमाला दुवा.

कुलूप लावायचं न्हाई. इंजिनियरांना लिहू दे, त्यांना बरं वाटतं. स्वरूपला म्हणावं, कारलं पुरे, भाकरी खा.

अश्विनीला उत्तराबद्दल काही लिहू नको. दुसऱ्याच्या सासूवर एवढं कुणी चिडत न्हाई. तिची सासू तिच्याशी कधीपासून बोलत न्हाई, तेवढं हळूच विचार. चारचौघांत नको, खासगीत. लिहील ते सगळं कागदावर काढून ठेव, लांबलं तरी.

मी मंगळवारी येते. तवर तिला सांग, खाला ऐकतेय.

खाला