कोआच्या गिटारला वाफारा

१० जुलै २०२०, टार्निट, मेलबर्न
पुन्हा लॉकडाऊन. या वेळी वेळ वाया घालवायचा नाही. आमचा हाउसमेट हृषीकेश मार्चमध्ये बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेला, तो बॉर्डर बंद झाल्यामुळे तिकडेच अडकलाय. गिटार मात्र इथे. हवाईच्या कोआ लाकडाची, तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने घडवलेली. जाताना मला म्हणाला, प्लीज, केसमधून काढू नकोस. एवढा विश्वास! आमची तिसरी हाउसमेट मयूरा, तिला असं काही सांगितलं नाही. यातच काय ते आलं.

१२ जुलै
केसमधून काढली. कोआ फक्त हवाईत उगवतं. ते असं अंधारात कोंडणं मला पटत नाही. संकल्प: हवाई संस्कृतीचा अभ्यास, रोज रियाज, तो आला की स्वागताला एक गाणं. थंडी सोसणार नाही म्हणून गिटार हीटरसमोर ठेवली.

२५ जुलै
रियाज सोमवारपासून.

२ ऑगस्ट
गिटारच्या पाठीला बारीक चीर. मयूरा म्हणते, अगं बाई, हीटरपुढून उचल आणि केसमध्ये टाक. ती नर्स. लाकडातलं तिला काय कळणार? आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, विचार करून वागते. हवाईत नारळ, आमच्या गुहागरलाही नारळ. कोमट खोबरेल चोळलं. काय चमकली!

९ ऑगस्ट
आईचा फोन. कोविडचे दिवस आहेत, रोज वाफारा घे म्हणाली. एकदम सुचलं. हवाईची हवा तरी दुसरी काय, उष्ण आणि दमट! गिटार बाथरूममध्ये उभी केली, गरम शॉवर सोडला, दार लावलं. निलगिरीचे थेंबही टाकले.

दुपारी ३
पाठ पापडासारखी फुगली. तारा धरणारी पट्टी सुटून खाली पडली. मयूरा ओरडत आली, सगळं गरम पाणी संपवलंस. गिटार बघितली. मग म्हणाली, त्याला आत्ताच्या आत्ता कळव. कशाला? बिचारा आधीच टेन्शनमध्ये. दुरुस्त करून सरप्राइज देईन. चार व्हिडिओ बघितले. सोपं आहे.

१४ सप्टेंबर
पाठ ब्रेडच्या सुरीने उघडली. आतल्या दोन पट्ट्याही निघून आल्या. तेलामुळे गोंद धरत नाही. हे व्हिडिओत सांगायला नको? आई म्हणाली, तुला शिकायला पाठवली की सुतारकामाला? असाइनमेंटसाठी युनीकडे एक्स्टेन्शन मागितलं. हृषीकेशने विचारलं, गिटार बरी आहे ना? लिहिलं, खूप मोकळी झालीय.

६ ऑक्टोबर २०२१
हृषीकेशचा फोन. तो म्हातारा कारागीर कोविडने गेला. मागे शिकलेलं कोणी नाही. आवाज ओला होता. म्हणाला, आता तेवढीच आठवण, सांभाळ. म्हणजे वारसा माझ्याच हाती आला. लाकूड आवळून धरायला नवे क्लॅम्प मागवले.

१८ डिसेंबर
आला! हवाई पद्धतीने फुलांचा हार घातला. त्याने केस उघडली. वास घेतला. तेल? एवढंच विचारलं. मी उत्साहाने सगळं सांगितलं, निलगिरीसकट. चिडला नाही. खाली बसला. मयूराने पाणी दिलं. मग एकेक तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि रिकामी केस घेऊन पॉइंट कुकला मित्राकडे राहायला गेला. गिटार माझ्याकडेच ठेवली. मयूराला म्हटलं, बघ. ती म्हणाली, सुखदा, सोमवारी हार्ड रबिशची गाडी येते, मोडकं सामान बाहेर ठेवायचंय.

२० डिसेंबर
बाहेर गवतावर मयूराची तीन पायांची खुर्ची, बंद पंखा, गिटारचे तुकडे. खुर्ची कोणीतरी लगेच नेली. मग पंखाही. एका बाईने गाडी थांबवून गिटारची पाठ उचलली. वास घेतला. परत ठेवली, आणि हात पँटला पुसले.